उगवतीचा समुद्र

आमच्या टेंभुर्णीत समुद्र पूर्वेला आहे. बाजारातल्या आमच्या फोटोच्या दुकानात शिरलं की अगदी समोर. दुकानाचं दार मावळतीकडं, म्हणून समोरची भिंत उगवतीची, आणि त्या भिंतीवर लोखंडी नळीला अडकवून जमिनीपर्यंत सोडलेला पडदा. पडद्यावर दोन नारळाची झाडं, एक होडी आणि पाण्यातून अर्धा वर आलेला नारिंगी सूर्य. हा पडदा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी रंगवला. फोटोच्या धंद्यात पडायच्या आधी ते दुकानांच्या पाट्या आणि जयंतीचे फलक रंगवायचे, त्यामुळं ब्रशवर हात बसलेला होता. समुद्र मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. तो एका कॅलेंडरवरून उचलला. होडी मनानंच घातली, आणि ती थोडी बैलगाडीकडं झुकते हे मी लेक असूनही कबूल करते.

आमच्याकडं लग्न झालं की आठ दिवसांच्या आत नवरा-नवरी जोडीचा फोटो काढायला दुकानात येतात. आता मोबाईल घरोघरी आहे, तरी येतात. विहारात लग्न लागलेली आमच्या समाजाची जोडपी पांढऱ्या कपड्यांत यायची, धनगरवाड्यावरची हळदीनं पिवळी झालेली यायची, आणि सगळी त्या एकाच सूर्यापुढं उभी राहायची. आबांची एक पद्धत होती. सूर्य बराबर दोघांच्या डोक्यांच्या मधोमध यायला पाहिजे. एकाच्या डोक्यामागं गेला की ते कॅमेरा खाली ठेवून, जाऊन नवऱ्याचा खांदा धरून त्याला बोटभर सरकवायचे. "एकट्याच्या डोक्यावर सूर्य बसला तर घरात रोज भांडण," असं म्हणायचे, आणि घुम्यासारखी उभी असलेली नवरी हमखास हसायची. तेवढ्यात खटका दाबायचे.

अख्ख्या जाफराबाद तालुक्यातल्या जोडप्यांचे फोटो काढलेल्या या माणसाचा स्वतःच्या बायकोबरोबर एकही फोटो नव्हता. एकही म्हणजे एकही नाही.

ती कथा आमच्या घरात मीठ-मिरचीसारखी रोजची होती. आबा-मायचं लग्न झालं तेव्हा आबांनी कॅमेरा नवाच घेतलेला होता. लग्नादिवशी तो त्यांनी एका दोस्ताच्या हातात दिला, त्यानं दोन फोटो सोडून सगळा रोल आपल्या परीनं भरला, आणि पुढं आबांनी तो अंधाऱ्या खोलीत धुतला तर एकही फोटो नाही. "रोल चाकात अडकलाच न्हवता, पुढं सरकलाच न्हाई, माझीच चूक," असं आबांनी सगळ्यांना सांगून टाकलं. मग काय, गावाला आयतंच सापडलं. माझा मोठा मामा तर प्रत्येक लग्नात, पंगत बसली की ओरडायचा, "आमचे दाजी जगाचे फोटो काढतेत, पण स्वतःच्या लग्नाचा पुरावा न्हाई त्यांच्यापाशी!" सगळी पंगत हसायची. आबाही हसायचे. माय तेवढी ताटात बघत बसायची.

पडदा तयार झाला तेव्हा आबांनी पहिल्यांदा मायलाच बोलावलं होतं. नवी साडी नेसून ये, म्हणाले, आपला राहिलेला फोटो काढू. माय दुकानात आली, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाली, "खोट्या समुद्राफुडं मी न्हाई उभी राहणार. खरा समुद्र पाहिजे, अन् खरा सूर्य निघून राह्यला पाहिजे, तवाच."

आता टेंभुर्णीपासून समुद्र किती लांब! सगळ्यांना वाटलं, नवी नवरी आहे, रोलचा राग धरलाय, जाईल उतरून. तो राग चाळीस वर्षं उतरला नाही. माय एकटी फोटोला उभी राहायची, माझ्या लग्नात बायकांच्या घोळक्यात उभी राहिली, आधार कार्डालाही बसली. पण आबा शेजारी येऊन उभे राहिले, की तिला चुलीवरचं दूध आठवायचं. आमच्याकडं गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी.

माझं सासर गावातच आहे, आणि आबांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान मीच बघते. मागच्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी सरत आली होती आणि लग्नसराईला अजून अवकाश होता, अशा दिवसांत आबा दुकानात येऊन बसले. मी एका पासपोर्ट फोटोच्या मागचा रंग बदलून राहिले होते. ते बराच वेळ नुसते पडद्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "बाई, माझ्याकडून एकच फोटो राह्यला बघ." कुठला ते विचारायची गरज नव्हती. आबा कधी काही मागत नाहीत. चहात साखर नसली तरी तसाच पितात. मला इतकं भरून आलं, की त्या गिऱ्हाईकाच्या फोटोमागं निळ्याऐवजी मी गुलाबी रंग टाकला.

"चला," म्हटलं. "जाऊ समुद्रावर."

त्याच संध्याकाळी मी मायपुढं जाऊन उभी राहिले. मी जरा तापट आहे, गोडीगुलाबीनं विचारणं मला जमत नाही. म्हटलं, "माय, खरा समुद्र, खरा उगवता सूर्य, दोन्ही देते. आता उभी राहणार का न्हाई, तेवढं सांग." मायचा चेहरा पडला. खरंच पडला. मला वाटलं, प्रवासाला घाबरली. भाकर थापता थापता ती म्हणाली, "बोलले ते बोलले. राहीन उभी."

गावभर बातमी झाली. मी स्वतःच केली, खोटं कशाला बोलू. जो दुकानात येईल त्याला मी सांगून राहिले, की आम्ही कोकणात चाललो, समुद्रातून सूर्य निघताना आबा-मायचा फोटो काढायला. सगळे म्हणाले, वा. शाळेतले एक मास्तर म्हणाले, "फार छान, मलाही दाखवा." ते भूगोल शिकवतात. मीही बी.ए.ला भूगोल घेतला होता. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण नंतर दुसरं कुणीतरी सांगणारच आहे.

जीप आमच्या ओळखीतल्याची. तो जाफराबाद ते जालना वडाप करतो, म्हणजे माणसं भरभरून जीपच्या फेऱ्या मारतो, माझ्याच वयाचा, तीन लेकरांचा बाप. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तो स्वतः लग्न होईपर्यंत मेंढरांमागं मुलूख हिंडलेला, मग जीप घेतली. तो आबांना काका म्हणतो आणि मला ताई. त्यानंही समुद्र पाहिला नव्हता, म्हणून नुसत्या डिझेलवर यायला तयार झाला, आणि वर स्वतःची घोंगडी घेऊन आला. "तिकडची थंडी कशी असती कुणाला ठाव," म्हणाला.

पहाटे निघालो. मायनं शिदोरी इतकी बांधली होती, की समुद्र लागायला दोन दिवस उशीर झाला असता तरी आम्ही उपाशी राहिलो नसतो. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, आणि एका डब्यात आमचं स्वतःचं पाणी. "तिकडचं पाणी खारट राहतं म्हणतेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "माय, नळाचं न्हाई राहत खारट." तिनं डबा खाली ठेवला नाही. घाट लागला तसे आबा पुढच्या सीटवर लहान पोरासारखे काचेला नाक लावून बसले. दर वळणावर विचारायचे, "दिसला का?" आणि जीपवाला दर वळणावर म्हणायचा, "आजून न्हाई काका."

पोचलो तेव्हा अंधार पडून गेला होता. समुद्र दिसला नाही, नुसता ऐकू आला. एका घरगुती मुक्कामाची सोय मी फोनवरून केली होती. घरमालकीण बाई फार मायाळू होत्या, त्यांनी गरम भात आणि सोलकढी वाढली. मायनं सोलकढीचा एक घोट घेतला आणि मला हळूच विचारलं, "हे औषध हाय का?" जेवण झाल्यावर मी त्या बाईंना म्हटलं, उद्या भल्या पहाटे किनाऱ्यावर जाणार, सूर्य उगवताना समुद्राचा फोटो काढायचाय.

"सूर्य उगवताना?" बाई म्हणाल्या. "जा की, पण तो इकडे..."

"लवकरच जाणार आहोत," मी म्हटलं. "काळजी करू नका, आमचा फोटोचाच धंदा आहे."

बिचाऱ्या ताटं उचलायला लागल्या. मला आजही त्या आठवल्या की कानशिलं तापतात.

पहाटे अंधारातच वाळूवर गेलो. मी तिपाई रोवली, कॅमेऱ्याचं तोंड समुद्राकडं केलं. आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि पांढरं धोतर नेसलं होतं. मायनं पांढरी साडी, निळ्या काठाची. केस चोपडून बसवलेले. लग्नातल्यासारखेच कपडे, हे आबांनी ठरवलं होतं. दोघं घोंगडीवर पाण्याकडं तोंड करून बसले, मधे वीतभर अंतर ठेवून. त्यांच्या वयाची आमच्याकडची माणसं तेवढं अंतर ठेवतातच.

जीपवाला जरा मागं उभा होता, वर बघत. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, उगवत आपल्या पाठीमागं हाय."

"कशावरून?"

"ती बघा चांदणी. सकाळची चांदणी डोंगराच्या अंगाला हाय. म्हंजी उगवत तिकडं."

मी त्याच्यावर जी उसळले! म्हटलं, "तू मेंढरं राखलीस का समुद्र? सूर्य समुद्रातूनच निघत असतो. इकडचं वेगळं असतं."

तो डोकं खाजवत म्हणाला, "कोकणात दिशा बदलत्यात का ताई?"

"गप रे," म्हटलं. आणि शप्पथ सांगते, माझ्या मनात तेव्हाही काडीचा संशय नव्हता. मला महाराष्ट्राचा नकाशा पाठ आहे. समुद्र डावीकडं, म्हणजे पश्चिमेला, हे चौथीपासून येतं मला. पण नकाशा डोक्याच्या एका कप्प्यात आणि पडदा दुसऱ्या. जन्मल्यापासून माझ्या डोळ्यांपुढं समुद्र उगवतीच्या भिंतीवर होता. मोबाईलवर रोज सकाळी जी शुभ सकाळ येते, तीही समुद्रातूनच निघते. दोन्ही कप्पे एकाच वेळी उघडायची वेळ कधी आलीच नव्हती.

वरून आभाळानंही मला फसवलं. उजाडायला लागलं तसा समुद्रावरच्या आभाळाला गुलाबी पट्टा चढला. मी ओरडले, "आलं, आलं! उभे राहा!" आबा धडपडत उठले, सदरा खाली ओढला. माय उठली, पदर सारखा केला. दोघं पाण्याकडं पाठ करून, माझ्याकडं तोंड करून उभे राहिले, आणि मी त्यांच्या दोन डोक्यांच्या मधली जागा कॅमेऱ्यात बराबर धरून सूर्याची वाट बघत बसले. गुलाबी पट्टा हळूहळू खाली उतरला, फिका पडला. सूर्य काही येईना.

आणि मग लांब समुद्रात एक मासेमाऱ्यांची होडी होती, ती एकदम उजळली. सोन्यासारखी झाली. मला आधी आनंद झाला, आणि दुसऱ्याच क्षणी मी खटक्यावरचं बोट काढलं. कारण होडीची आमच्याकडची बाजू उजळली होती. एवढी वर्षं मी फोटो काढते; उजेड समोरून येत असेल तर वस्तूची आपल्याकडची बाजू काळी दिसते, हे मला झोपेतही कळतं. आपल्याकडची बाजू उजळली याचा अर्थ दिवा आपल्या पाठीमागं आहे.

मी मागं वळून बघितलं. डोंगराच्या कडेला आभाळ पेटलेलं होतं. सूर्य अजून वर यायचा होता, पण येणार कुठून यात आता बिलकुल शंका नव्हती. जीपवाला बिचारा तिकडं तोंड करून हात जोडून उभा होता. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही त्यानं, एवढा भला माणूस.

आबांचं तोंड डोंगराकडंच होतं. त्यांना माझ्या आधी कळलं असणार. मायला कळलं आणि ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग थेट वाळूत बसून. "आगं, नेऊन नेऊन कुठं आणलंस!" म्हणाली. "सूर्य तर आपल्या गावाकडून येऊन राह्यला!" मलाही हसू फुटलं. जीपवालाही हसला. आम्ही तिघं वेड्यासारखे हसत होतो.

आबा हसत नव्हते. ते वाळूकडं बघत म्हणाले, "दुसऱ्यांदा झालं. तवा रोल घालवला, आज सूर्य घालवला."

मायचं हसू थांबलं. "सूर्य काय तुमचा हाय का घालवायला?" ती म्हणाली. मग वाळूत बोटं खुपसत, आबांकडं न बघता म्हणाली, "अन् रोल बी तुम्ही न्हाई घालवला. मी खोलला व्हता त्यो डबा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. लाटांचा आवाज होताच. पण ती पुढं सांगत गेली. लग्नाला तीन दिवस झाले होते. आबा रोल धुवायची औषधं आणायला जालन्याला गेले होते. कॅमेरा फळीवर होता, दोन फोटो शिल्लक होते म्हणून रोल अजून आतच होता. मायनं तोवर आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता. तिला वाटलं, फोटो आत तयार होऊन पडलेले असतील, पोस्टाच्या तिकिटाएवढे. लग्नात आपण कशा दिसत होतो ते बघावं, म्हणून तिनं मागचं झाकण उघडलं. आतली पट्टी ओढून खिडकीपाशी धरून बघितली. त्यावर काहीच नव्हतं. मग पुन्हा होती तशी गुंडाळून ठेवून दिली.

"मला वाटलं, आजून उमटले नसतील," ती म्हणाली. "मंग तुम्ही सांगितलं की काईच निघालं न्हाई, तवा कळलं. नवी नवरी व्हते, कुणाला सांगू? भाऊ पंगतीत तुम्हाला हसायचा, अन् माझा घास उतरायचा न्हाई. तुमच्या शेजारी फोटोला उभं राह्यचं म्हणलं की तेच ध्यानात यायचं. म्हणून ती अट घातली. मला काय ठाव, ही पोरगी खरंच इथं आणून उभं करील!"

मी आबांकडं बघितलं. ते म्हणाले, "मला म्हाईत व्हतं."

"काय म्हाईत व्हतं?"

"रोल सरकला नसता तर धुतल्यावर पट्टी काचंवानी साफ निघाली असती. आपली डांबरावानी काळी निघाली. काळी कवा निघती? डबा उजेडात खोलला तरच. अन् त्या रोजी घरात तू एकटीच व्हती."

अरे देवा, मी मनात म्हटलं. हे तर मलाही माहीत होतं. काळी पट्टी आणि साफ पट्टी, हा फरक आबांनी मला परकर-पोलक्यात असताना शिकवला होता. पण ती पट्टी कधी कुणी बघायला मागितलीच नाही, आणि आबांनी स्वतःचीच चूक म्हणून गावाला सांगितली, चाळीस वर्षं पंगतीत हसून घेतलं.

"मंग बोलले काऊन न्हाई?" माय ओरडली. खरंच ओरडली. "इतकी वर्षं काऊन न्हाई बोलले?"

आबा धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "वाटलं, तूच सांगशील. तू न्हाई सांगितलं. मंग माझ्यासंगं फोटोला उभी राहीना. मंग मला वाटलं..." ते थांबले. "वाटलं, लगीन मनाविरुद्ध झालं असंल. म्हणून मुद्दाम खोलला."

मी माझ्या आई-बापाचं बोलणं ऐकत उभी होते, जिथं मी नसायला हवं होतं अशा जागी. जीपवाला तर केव्हाच लांब जाऊन शिंपले बघायला लागला होता. मला आबांना मिठी मारावीशी वाटली आणि एक ओरडाही द्यावासा वाटला. मायनं तो दिला. "येडे का काय तुम्ही! मी कशी दिसते ते बघायचं व्हतं मला! अन् तुम्ही कसे दिसता ते बी. लग्नात मान वर करून बघितलं व्हतं का मी तुमच्याकडं? फोटोत तरी बघावं म्हणून खोलला त्यो डबा!"

आबा तिच्याकडं बघत राहिले. मग एवढे हसले, एवढे हसले, की त्यांना खोकला लागला. मायनं उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवला, आणि मग हात तिथंच राहिला. म्हणाली, "काढ गं आता फोटो. सूर्य कुठून का येईना."

"कुठून का येईना, असं न्हाई!" मी म्हटलं. माझा पारा पुन्हा चढला, पण आता चांगल्या अर्थानं. "समुद्र बी येईल आणि सूर्य बी येईल. जल्दी करा, डोंगरावरून वर यायच्या आत." मी जीपवाल्याला हाक मारून तिपाई त्याच्याकडं फेकली, सलवार गुडघ्यापर्यंत ओढली, कॅमेरा गळ्यात घातला आणि समुद्रात शिरले. सूर्य समुद्रामागून येत नसेल तर मीच समुद्राच्या अंगाला जाते. तिथून बघितलं तर पुढं पाणी, पाण्याच्या काठावर आबा-माय, आणि त्यांच्यामागं डोंगरावर सूर्य. सोपं होतं. फक्त मला पोहता येत नाही, आणि आमच्याकडच्या विहिरीएवढंच पाणी मी आजवर एका जागी पाहिलेलं होतं.

"पुढं नको जाऊ गं!" माय काठावरून ओरडत होती. पाय बुडतील एवढ्या पाण्यात दोघं उभी होती. मी मागं मागं सरकत होते. घोटा, पोटरी, गुडघा. पायांखालची वाळू सरकून राहिली होती आणि मला भारी मजा वाटत होती, हे सांगायला लाजत नाही. आणि तेवढ्यात डोंगरावरून सूर्य निघाला. ओल्या वाळूवरचं पातळ पाणी आबा-मायच्या पायांपर्यंत एकदम नारिंगी झालं. मी फ्लॅश लावला आणि एकामागून एक फोटो काढत सुटले. "आबा, थोडं डावीकडं. माय, मान वर. बराबर!" सूर्य दोन डोक्यांच्या मधोमध होता. आबांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचे हात नीट ठेवणारा माणूस स्वतः दोन्ही मुठी आवळून कवायतीला उभा राहिला होता, आणि माय ओठ दाबून शेजारी. आधार कार्डाचा फोटो, पण दोघांचा.

अजून एक, अजून एक, म्हणत मी जरा मागं सरकले. समुद्राकडं पाठ करून कधी उभं राहू नये, हे तिथलं लहान पोरही सांगेल. पण मला माझ्या पाठीमागचं काय दिसणार? ते त्या दोघांना दिसलं. मला कॅमेऱ्यातून एवढंच दिसलं, की आबा-मायची तोंडं एकदम बदलली. बोट खटक्यावर होतंच. मग पाठीत काहीतरी दणकन बसलं आणि मी खाली.

गळ्याएवढं पाणी अंगावरून गेलं असेल, जास्त नाही. पण मी कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, नाकातोंडात खारं पाणी जाऊन, जे काही ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जीपवाल्यानं येऊन दंडाला धरून ओढत काढलं. आबांचं धोतर कमरेपर्यंत भिजलं होतं, मायची साडी छातीपर्यंत. ती मला एका हातानं पुसून राहिली होती आणि दुसऱ्या हातानं मारून राहिली होती. कॅमेरा नंतर दोन दिवसांनी बंद पडला तो पडलाच. कार्ड वाचलं.

गावी आल्यावर दुकानात संगणकावर मी सगळे फोटो उघडले. दोघं माझ्या मागं खुर्च्यांवर बसले होते, एकमेकांना लागून. मी सगळ्यात चांगला निवडून ठेवला होता. सूर्य मधोमध, पाणी चमकतंय, दोघं सरळ. म्हटलं, हाच मोठा करते.

"पुढचे दाखव," माय म्हणाली.

पुढचा शेवटचा होता, लाटेआधीचा. फोटो म्हणून त्यात काहीच धड नव्हतं. क्षितिज तिरकं, सूर्य एका कोपऱ्यात. आबा आणि माय पाण्यात पळत येताहेत, एकमेकांचा हात घट्ट धरलेला, दुसरे दोन हात माझ्याकडं लांब केलेले. पाणी उडतंय, पदर उडतोय, दोघांचीही तोंडं उघडी.

"हे गिऱ्हाईकाला दिलं असतं तर तोंडावर फेकलं असतं," आबा म्हणाले. पण नजर काढीनात.

माय पुढं वाकून, संगणकाच्या काचेला जवळजवळ नाक लावून बघत होती. आधी स्वतःला बघितलं, मग आबांना, चांगलं निरखून, वेळ घेऊन. मग म्हणाली, "ह्योच मोठा कर."

"अगं, पण यात तुम्ही दोघं ओरडून राह्यले!"

"मंग? बघ की, दोघं बी एकाच टायमाला तुझंच नाव घेऊन राह्यलो."